आरोग्यविम्याचे नियम बदलले की विमा कंपन्यांतल्या नोकऱ्या कमी होतात का?

सरसकट कमी होत नाहीत; बहुतेक वेळा एका टेबलावरचे काम घटते आणि दुसऱ्या टेबलावर माणसे कमी पडू लागतात. मी इंदूरमध्ये दाव्यांच्या विभागात काम करतो, त्यामुळे हे रोज पाहतो. २०२४ मध्ये विमा नियामकाने कॅशलेस उपचाराच्या विनंतीवर १ तासात आणि रुग्णालयाकडून डिस्चार्जची विनंती आल्यापासून ३ तासांत निर्णय देणे बंधनकारक केले, आणि उशिरामुळे वाढलेला खर्च कंपनीने सोसायचा असे ठरवले. त्यामुळे कागद सकाळपर्यंत ठेवण्याची सोय संपली. रात्री ११ वाजता आलेल्या केसचे पेपर वाचून जागच्या जागी निर्णय देईल असा डॉक्टर पाळीवर असावाच लागतो, तर बिलांचे आकडे संगणकात भरणाऱ्यांचे काम सॉफ्टवेअरकडे जात आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी गेला, तेव्हा ग्राहकाचा हप्ता हलका झाला, पण कंपन्यांची कर-वजावटही (स्वतःच्या खर्चावर भरलेला जीएसटी वळता करून घेण्याची सोय) गेली आणि काहींनी तो भार एजंटांच्या कमिशनवर टाकला; मला ही गोष्ट अन्यायाची वाटते.

मात्र प्रत्येक सरकारी योजनेने विमा कंपनीत भरती होते असे समजू नये. मध्य प्रदेशात आयुष्मान योजनेचे दावे राज्याची यंत्रणा सरकारी पैशातून भागवते, म्हणून २०२४ मध्ये ७० वर्षे व त्यावरील सर्वांना तिचे संरक्षण मिळाले तरी त्याचा इथल्या कंपन्यांतील जागांशी थेट संबंध नाही.