करार झाला, आता टर्नटेबल स्वस्त होणार का काका?

प्रश्न (दादरहून): काका नमस्कार. ब्रिटनशी आपला व्यापार करार झालाय ना, 24 जुलै 2025 ला सह्या झाल्या तो. मला लंडनच्या एका दुकानातून टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवायचं यंत्र) आणि बुकशेल्फ स्पीकर मागवायचेत, मित्र म्हणतो आता ड्यूटी शून्य, डोळे झाकून मागव. लॅमिंग्टन रोडचा दुकानदार मात्र म्हणतो की थांब, तसं काही नसतं. कोणाचं ऐकू?

उत्तर: दुकानदाराचं ऐका, जरी त्याला त्याच्याकडचा पीस खपवायचा असला तरी.

आधी एक लक्षात घ्या, करार देशाशी होतो, दुकानाशी नाही. दुकान लंडनला आहे म्हणून माल ब्रिटिश ठरत नाही, तो बनला कुठे ते बघतात. आता रेगा कंपनीचं टर्नटेबल इंग्लंडमधल्या साउथएंडला बनतं, ते ब्रिटिश म्हणायला हरकत नाही. पण स्पीकरवाल्या व्हार्फडेल कंपनीचं नाव एवढं जुनं, यॉर्कशायरचं, आणि बॉक्स उलटा करून बघा, मेड इन चायना. बोवर्स अँड विल्किन्स या स्पीकर कंपनीचंही तेच, महागडी 800 सिरीज इंग्लंडमधल्या वर्दिंगला बनते, 600 सिरीज चीनला. म्हणजे ज्या वस्तू आपल्यासारखा माणूस घेऊ शकतो त्यातल्या बऱ्याच कराराच्या बाहेरच, आणि चीनशी आपला असा मोठा करार नाहीच, चीनही असलेल्या आरसेप या व्यापार कराराच्या बोलणीतून आपण 2019 च्या नोव्हेंबरमध्ये बाहेर पडलो.

बरं समजा माल खरंच ब्रिटिश आहे आणि करार त्या वस्तूला लागूही झालाय. तरी सवलत आपोआप मिळत नाही, मूळ देशाचा पुरावा लागतो, सर्टिफिकेट किंवा एक्स्पोर्टरचं डिक्लेरेशन, आणि 2020 च्या सप्टेंबरपासून तो पुरावा खरा आहे हे दाखवायची जबाबदारी मागवणाऱ्यावर आहे. कंटेनरभर माल आणणारा डिस्ट्रिब्युटर हे करतो, एका टर्नटेबलसाठी दुकानातला पोरगा कशाला कागद करत बसेल? वर आणखी एक गोम अशी की सवलती वस्तूच्या हेडिंगप्रमाणे, म्हणजे कस्टम्सच्या यादीतल्या क्रमांकाप्रमाणे असतात, स्पीकर-ॲम्प-हेडफोन 8518, टर्नटेबल 8519, आणि तुमचं घरगुती पार्सल साधारणपणे 9804 या सरसकट हेडिंगखाली जातं, पर्सनल यूज म्हणून.

आता खरी बातमी. या 9804 वर कितीतरी वर्षं 35 टक्के ड्यूटी, तिच्यावर 10 टक्के सरचार्ज आणि मग सगळ्यावर 28 टक्के आयजीएसटी (आयातीवर लागणारा जीएसटी) होता, जोडून 77.28 टक्के! लाखाच्या ॲम्पवर सत्त्याहत्तर हजार, ऐकूनच माणूस परत एफएमवर जायचा. 22 सप्टेंबर 2025 ला जीएसटी 18 वर आला आणि पर्सनल यूजची ड्यूटी, जी त्याआधीच 35 वरून 20 वर आली होती, ती 2026 च्या बजेटमध्ये 10 टक्के करायचं जाहीर झालं. म्हणजे सरचार्ज धरा नाहीतर सोडा, एकूण 30 च्या आसपास. हे सगळं आपल्याच दिल्लीने केलं, लंडनचा त्यात काही संबंध नाही. फक्त मागवायच्या दिवशी कुठला दर चालू आहे ते बघा.

हिशोब करून सांगतो. ब्रिटनमध्ये 1200 पाउंडाला लावलेल्या वस्तूत 20 टक्के व्हॅट असतो, परदेशी पाठवताना दुकान तो काढून देऊ शकतं, मग किंमत 1000. शिपिंग 80 धरा, ड्यूटी त्या शिपिंगवरही लागते हे लोक विसरतात. 1080 वर 30 टक्के म्हणजे साधारण 325 पाउंड. करारामुळे ड्यूटी अगदी शून्य झाली तरी आयजीएसटी भरायचाच, तो 194. थोडक्यात कराराने वाचले 130 आणि व्हॅट काढून घेतल्याने 200. तेव्हा कराराची वाट बघण्यापेक्षा दुकानाला आधी मेल टाका की व्हॅट काढून किती, बरीच दुकानं विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

माझा स्वतःचा अनुभव, एकदा छोटासा डॅक (डिजिटल सिग्नलचं आवाजासाठी रूपांतर करणारा डबा) मागवला होता, कुरियरचा पोरगा तिसऱ्या मजल्यावर चढून आला, घाम पुसत रसीद पुढे केली आणि त्यात ड्यूटीखाली आणखी एक ओळ, आमच्या वतीने ड्यूटी भरल्याची फी, वर त्या फीवर जीएसटी. फोन केला तर म्हणाले वेबसाइटवर लिहिलंय. होतं खरं, अगदी तळाला. तेव्हा ऑर्डरच्या आधी ही फी विचाराच. पोस्टाने येत असेल तर बॅलार्ड पियरच्या विदेश डाक भवनातून फिरून येतं, वेळ लागतो, धीर धरा.

प्रश्न (बोरिवलीहून): भाऊ दुबईत आहे, यूएईशी करार 2022 च्या मे पासून चालू आहे. त्याने तिथून जपानी ॲम्प घेऊन गिफ्ट म्हणून कुरियर केला तर?

उत्तर: नाही हो. जपानी ॲम्प दुबईत विकला तरी जपानीच, यूएईच्या कराराला तो चालत नाही. आणि गिफ्ट तर अजिबात लिहू नका, 12 डिसेंबर 2019 पासून पोस्ट-कुरियरने पूर्ण ड्यूटी न भरता गिफ्ट म्हणून माल आणायला बंदी आहे, राखी आणि जीव वाचवणारी औषधं सोडून. भाऊ सुट्टीला येणारच असेल तर त्याच्या बॅगेतून आणा, 2026 च्या नव्या नियमांत विमानाने येणाऱ्याला 75 हजारांपर्यंतचा माल ड्यूटीशिवाय आणता येतो, पण बिल खिशात ठेवायला सांगा आणि वहिनीची मर्यादा त्याच्या मर्यादेत मिसळता येत नाही.

जपानी म्हणालात म्हणून शेवटचं, तो पीस जपानच्या बाजारासाठी बनवलेला नाही ना, मागची पट्टी बघायला सांगा. तिथे 100 व्होल्ट चालतात, बोरिवलीच्या 230 ला थेट लावला तर पहिल्याच गाण्यात धूर.