तू गप्प कधी बसतोस?

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. रावेरच्या केळीच्या पॅकहाऊसचा कारभार हाती आला आणि पहिल्याच हंगामात 'माणसं माझं ऐकत नाहीत' म्हणून कळवतोस. खरं सांगू? तू फार बोलतोस. मागे आलो होतो तेव्हा पाहिलं ना मी. टाकीवरची ती मावशी तुरटीच्या पाण्यातून फणी काढता काढता मागच्या बाजूने अंगठा फिरवते आणि डागी केळं न बघताच बाजूला करते. तू तिच्या मागे उभा राहून सारखं 'नीट बघा, नीट बघा' करत होतास. ती बघायला लागली आणि तिचा हात अडखळला.

माझं जॅझचं वेड तुला ठाऊकच आहे. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये शॉर्टवेव्हवर 'व्हॉइस ऑफ अमेरिका'वरचा विलिस कॉनोव्हरचा जॅझचा कार्यक्रम लावायचो, तेव्हा शेजाऱ्यांना वाटायचं रेडिओ बिघडलाय. पण माणसं कशी सांभाळावीत, यातलं मला जे उमगलं ते बरंचसं तिथलंच.

ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' या रेकॉर्डचं रेकॉर्डिंग 1959 च्या मार्च-एप्रिलमध्ये न्यूयॉर्कला झालं. वादकांपुढे सगळं लिहून दिलेलं संगीत नव्हतं. कोणत्या स्वरांत फिरायचं आणि कुठे बदलायचं, एवढाच आराखडा. पियानोवादक बिल इव्हान्सने रेकॉर्डच्या वेष्टनावर हे लिहून ठेवलंय. लोक यावरून 'माणसांना मोकळं सोडा' म्हणतात. ते अर्धंच झालं. आराखडा थोडका होता, पण पक्का होता. आणि पॉल चेंबर्सचा बास व जिमी कॉबचा ड्रम लय सोडत नव्हते. म्हणून तर कोल्ट्रेन आणि कॅननबॉल ॲडर्ली, दोघेही सॅक्सोफोनवाले पण मिजास अगदी वेगळी, एकाच रचनेत आपापल्या वाटेने जाऊन परत येऊ शकले. आणि आपलं वाजवून झालं की माइल्स गप्प. बँड त्याचा, तरी मध्ये मध्ये तोंड घालत नव्हता.

संगीतकार ड्यूक एलिंग्टनचं तर आणखी निराळं. त्याने जवळपास 50 वर्षं बँड चालवला. तो नुसता ट्रम्पेटसाठी म्हणून लिहायचा नाही, कूटी विल्यम्ससाठी लिहायचा. कूटीचा आवाज कसा घोगरा होतो, कुठे खुलतो, हे ओळखून 1940 साली त्याने खास त्याच्यासाठी एक रचना केली. हॅरी कार्नी हा बॅरिटोन सॅक्सोफोनवाला 1927 साली मिसरूड फुटायच्या वयात त्याच्याकडे आला, तो 1974 मध्ये एलिंग्टन जाईपर्यंत तिथेच होता. नुसत्या पगारावर माणूस इतकं टिकत नाही. तुझी टोळी मात्र हंगामागणिक बदलते. त्यातल्या कुणाचा हात कशावर बसलाय हे तुला किती जणांबद्दल सांगता येईल?

आता एक गोष्ट, जी हल्ली मॅनेजमेंटच्या वर्गांत सांगून सांगून गुळगुळीत झालीय. माइल्सच्या बँडमधला पियानोवादक हर्बी हॅनकॉक स्वतः सांगतो की स्टुटगार्टच्या एका कार्यक्रमात त्याने भलताच कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचे सूर, वाजवला. माइल्स क्षणभर थांबला आणि त्याने असे सूर लावले की तो कॉर्ड बरोबरच वाटायला लागला. यावरून 'चुका चालतात' असा अर्थ काढतात, तो मला अजिबात पटत नाही. माइल्सच्या कानाने तो कॉर्ड तिथल्या तिथे टिपला आणि त्यावर काय बसेल हे त्याच्या हातात तयार होतं. हा सगळा रियाझ. शिवाय पॅकहाऊस म्हणजे मैफल नव्हे. 13 किलोचं खोकं बाराच किलो भरलं, तर कुठलाही सूर लावून ते बरोबर होत नाही. खोकं उघडायचं आणि पुन्हा भरायचं.

तेव्हा फणीचं माप, खोक्याचं वजन आणि कंटेनर लागायची वेळ, एवढं तू ठरव आणि त्यात कुणाची गय करू नकोस, माझी शिफारस आली तरी. घड कोण उतरवणार, फण्या कोण कापणार, टाकीवर कोण, हे मुकादमाला ठरवू दे. तो वयाने मोठा आहे, चारचौघांत त्याला अडवू नकोस. त्याने काही तुझ्या मनाविरुद्ध केलं तर दुपारपर्यंत चालू दे, मग वजनकाट्यापाशी ने आणि काय झालंय ते त्यालाच विचार.

तुझा,
काका