वाचकांचे प्रश्न : गंजलेली रिम घरच्या घरी रंगवताना

प्रश्न : माझ्या २८ इंची, दांड्याच्या ब्रेकच्या जुन्या सायकलच्या रिमांना मे महिन्यात रंग मारला. चतुर्थीपर्यंत फुगे येऊन पापुद्रे सुटू लागले. रंग हलका होता का?
— वाचक, मांद्रे

उत्तर : एक पापुद्रा नखाने उचला आणि त्याची मागची बाजू बघा. तिथे तांबूस भुकटी चिकटलेली असेल, तर गंज रंगाखाली आधीपासूनच होता. मागची बाजू गुळगुळीत, स्वच्छ असेल, तर रंग क्रोमच्या चकाकीवर बसलाच नाही. किनाऱ्यालगतच्या गावांत बहुधा पहिलेच कारण निघते.

खाऱ्या वाऱ्याने रिमवर मीठ बसते. ते रंगाखाली राहिले की रंगाच्या थरातून ओलावा आत ओढून घेते आणि फुगा येतो. शिवाय पावसाचे पाणी तारांच्या आणि व्हॉल्व्हच्या भोकांतून आत शिरते व ट्यूबखालच्या पट्टीत मुरून राहते. त्यामुळे रिम आतून आधी कुजते. टायर न उतरवता नुसती बाहेरून रंगवली, तर ती मेहनत वाया जाते.

म्हणून टायर, ट्यूब, पट्टी सगळे उतरवा. आतून तारांच्या भोकांभोवती आणि रिमच्या जोडावर स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा. पत्रा दबला किंवा भोक पडले, तर रंगवू नका, रिमच बदला. नवी घेताना भोके मोजून घ्या. जुन्या सायकलींना बहुधा पुढे ३२ आणि मागे ४० असतात.

पत्रा शाबूत असेल, तर रिम साबणाने व गोड्या पाण्याने धुवा. विहिरीचे पाणी मचूळ असेल तर ते वापरू नका. मग तारेच्या ब्रशने सुटा गंज काढा, आधी १२० आणि नंतर २२० नंबरचा पॉलिश पेपर मारा. क्रोम उरले असेल तिथे ३२० नंबरने घासून चकाकी पूर्ण घालवा. सुटलेल्या क्रोमच्या कडेवरून बोट फिरवा. बोटाला पायरी लागली तर अजून घासायला हवे. ती पायरी राहिली की पुढचा पापुद्रा तिथूनच उठतो. पुन्हा धुवा, कडक उन्हात वाळवा आणि थिनरच्या फडक्याने पुसा. त्यानंतर उघडा हात लावू नका.

प्रायमर त्याच दिवशी लागला पाहिजे. आपल्या हवेत उघडे लोखंड रात्रभरात तांबूस होते. रेड ऑक्साइड प्रायमर आधी आतल्या बाजूला, भोकांच्या कडांना, मग बाहेर लावा. क्रोम बरेच शिल्लक असेल, तर त्याऐवजी दोन डब्यांचा एपॉक्सी प्रायमर घ्या, तो क्रोमला अधिक घट्ट धरतो. २४ तासांनी इनॅमलचे दोन पातळ हात द्या, मध्ये पुन्हा २४ तास ठेवा. अर्धवट वाळलेल्या रेड ऑक्साइडवर स्प्रे मारू नका, खालचा थर उचलून रंग सुरकुततो.

दोन जागा मात्र झाकाच. दांड्याच्या ब्रेकचे रबर रिमला हबच्या बाजूने घासते. त्या पट्ट्यावर मास्किंग टेप लावा. दुसरी जागा निपलची, म्हणजे तारेचे टोक रिमला धरून ठेवणाऱ्या छोट्या नटाची. आट्यांत रंग गेला की निपल जाम होते आणि पुढे चाकाचा आऊट (वाकडेपणा) काढायला गेल्यावर ते फिरण्याऐवजी झिजते. स्ट्रॉचे छोटे तुकडे उभे चिरून निपलवर बसवले की काम भागते.

प्रश्न : जुलैत पडवीत बसून स्प्रे मारला. काळा रंग वाळल्यावर धुरकट पांढरा दिसतो. पुन्हा घासावा लागेल का?
— वाचक, फोंडा

उत्तर : बहुधा नाही. स्प्रेतला थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ ओल्या रंगावर धरते. तोच हा पांढरेपणा. कोरडा दिवस बघून त्याच रंगाचा एक पातळ हात मारा. पांढरेपणा वरवरचा असेल तर जातो. नाही गेला, तर ४०० नंबरने ओले घासून वर नवा हात द्यावा लागेल.

आमचे स्पष्ट मत असे की जून ते सप्टेंबर गोव्यात स्प्रेचा कॅन उघडूच नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम, तोही सकाळी दहानंतर, दव पूर्ण उडाल्यावर. रिम अर्धा तास उन्हात ठेवा, मग सावलीत आणून कोमट झाली की रंगवा. तापलेल्या रिमवर रंग पसरण्याआधीच वाळतो आणि खरखरीत होतो. कॅन २० ते २५ सेंटिमीटरवर धरून चाक हळू फिरवत तीन पातळ हात मारा, मध्ये १० ते १५ मिनिटे जाऊ द्या. एकच जाड हात दिला तर रंग तारांच्या मुळाशी ओघळतो. ४०० मिलिलिटरचा एक कॅन दोन रिमांना साधारण पुरतो. तोंडाला मास्क हवाच, आणि रंगकाम उघड्यावर करा.

प्रश्न : गिअरच्या सायकलची अॅल्युमिनियम रिम काळी करायची आहे. बाजूंनी ब्रेक लागतो.
— वाचक, मडगाव

उत्तर : ब्रेकचे रबर लागते त्या दोन्ही भिंतींना रंग देऊ नका. रंग रबराला चिकटतो, ब्रेक घसरतो किंवा एकदम धरतो. तो पट्टा टेपने झाकून बाकीचा भाग ३२० नंबरने घासा आणि एच (etch) प्रायमर, म्हणजे गुळगुळीत धातूला धरणारा प्रायमर, मारून मग रंग द्या. अॅल्युमिनियमवर रेड ऑक्साइड वापरू नये.

प्रश्न : रंग वाळल्यावर टायर लगेच चढवला तर चालेल का?
— वाचक, साखळी

उत्तर : स्प्रे असेल तर किमान ४८ तास, इनॅमल असेल तर आठवडाभर थांबा. वरून वाळलेला रंग खाली मऊ असतो आणि टायर चढवताना लिव्हरने खरवडला जातो. जुनी पट्टी टाकून नवी घाला आणि प्रत्येक निपलच्या मुळाशी तेलाचा एक थेंब सोडा. तेल ब्रेकच्या पट्ट्यावर ओघळले, तर लगेच थिनरच्या फडक्याने पुसा. फडके रंगाला मात्र लागू देऊ नका.