आमच्या छंदमंडळाची जिओड (आतून पोकळ, स्फटिकांनी मढलेले दगडी गोळे) आणि खनिजं गोळा करायची पहिली सहल आहे, वीस जण येणार आहेत, निम्म्यांनी छिन्नी कधी हातात धरलेली नाही. तयारी कशी करावी?

निम्म्या लोकांनी छिन्नी कधी हातात धरलेली नाही असं तुम्ही लिहिलंय. म्हणून हत्यारांची यादी बाजूला ठेवा आणि सहलीच्या दहा-पंधरा दिवस आधी दोघं जण जाऊन जागा बघून या. गाडी कुठपर्यंत जाते, फोनला रेंज कुठे मिळते, सावली आहे का, कोणत्या कड्याखाली ताजे दगड पडलेत, हे नकाशावर कळत नाही.

त्याच फेरीत परवानगीचं काम उरका, तेही लेखी. तारीख, माणसांची संख्या, कुठे फिरायचं आणि किती न्यायचं, चारही गोष्टी कागदावर हव्यात. काही ठिकाणी जमीन एकाची आणि खनिजावरचा हक्क दुसऱ्याचा असतो, तेव्हा दोघांनाही विचारा. राखीव जंगल किंवा राष्ट्रीय उद्यान असेल तर तो बेतच सोडा. खाण चालू असेल तर सुरुंग कधी लावतात ते विचारून घ्या आणि आपली सहल कामाच्या सुट्टीच्या दिवशी ठेवा.

आता शोधायचं कुठे? जिओड मुख्यतः दोन प्रकारच्या खडकांत सापडतात. लाव्हा थिजताना त्यात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहतात, आणि चुनखडीत आधीच्या गाठी विरघळून पोकळ्या होतात. त्यात सिलिका (गारगोटी ज्याची बनते ते द्रव्य) विरघळलेलं पाणी झिरपत राहतं. आधी कडेला कॅल्सिडोनीचा, म्हणजे अगदी बारीक कणांच्या गारगोटीचा, थर बसतो, मग आतल्या बाजूला गारगोटीचे स्फटिक वाढतात. हे कवच आजूबाजूच्या खडकापेक्षा चिवट असतं. खडक झिजून जातो, गोळा तसाच सुटून खाली घरंगळतो. म्हणून नवख्यांना कड्याला भिडवू नका, खालच्या ओढ्याच्या पात्रात फिरवा. तिथे आयते सुटे गोळे मिळतात आणि डोक्यावर दगड पडायची भीतीही कमी. ओबडधोबड, फुलकोबीसारख्या पाठीचा गोळा दिसला की हातात तोला. आकाराच्या मानाने हलका लागला तर आत पोकळी असण्याची शक्यता जास्त.

आणि तो तिथेच फोडू नका! पहिल्या सहलीत आम्ही उत्साहाने घण घातले आणि चांगल्या गोळ्यांचा चुरा करून परतलो. घरी आणून मधोमध छिन्नीने गोल रेघ पाडायची, गोळा फिरवत हलके ठोके देत राहायचे, मग तो आपणहून उकलतो. नळकाम करणारे बिडाचे पाइप साखळीच्या कटरने कापतात, तो मिळाला तर उत्तमच, सगळीकडून सारखा दाब बसतो.

सुरक्षेत तडजोड नको. प्रत्येकाला गॉगल, खाणीत हेल्मेट आणि जाड तळाचे बूट. सुताराचा हातोडा दगडावर वापरू देऊ नका, त्याच्या पोलादाची ढलपी उडून डोळ्यात जाऊ शकते. ठोकणाऱ्यांमध्ये चांगलं अंतर ठेवा, आणि एकाच्या डोक्यावरच्या उतारावर दुसरा कधीच नको. खाणीत वायरचा तुकडा किंवा नळकांडी दिसली तर हात न लावता तिथल्या माणसाला बोलवा, न फुटलेला सुरुंग असू शकतो. गारगोटी फोडताना उडणारी धूळ फुप्फुसांना वाईट, दगड ओला करून ठोका.

आता माझा आवडता, आणि सगळ्यांना कंटाळवाणा वाटणारा मुद्दा: चिठ्ठी. एकदा आम्ही एकाच दिवसात दोन खाणी केल्या. घरी पिशवीतून हिरवट अपोफिलाइट या खनिजाचा एक देखणा झुबका निघाला आणि तो कोणत्या खाणीतला हे कुणालाच सांगता येईना. आजही तो कपाटात ठिकाणाविना बसलाय, आणि ठिकाण नसलेल्या नमुन्याला अभ्यासाच्या दृष्टीने फारसं मोल उरत नाही. दगड उचलला की लगेच क्रमांक, आणि वहीत त्यापुढे जागा, तारीख, कोणत्या खडकात मिळाला ते. वही सांभाळायला एकच माणूस नेमा, शक्यतो ज्याला दगड फोडायची घाई नाही असा.

गुंडाळायला वर्तमानपत्र भरपूर न्या. झिओलाइट गटातल्या खनिजांच्या बारीक सुया मात्र कागदाला लागल्या तरी तुटतात, तो नमुना डब्यात पाठीवर घट्ट बसवा, वर काही टेकू देऊ नका. कुणी 'ॲसिडने धुऊ' म्हणालं तर थांबवा. गारगोटीवरचा गंजाचा डाग ऑक्झॅलिक ॲसिडने जातो खरा, पण शेजारी कॅल्साइट (चुनखडीतलं मुख्य खनिज) असेल तर ते खराब होतं. ॲमेथिस्ट (जांभळी गारगोटी) निघाला तर खिडकीत मांडू नका, उन्हाने जांभळा रंग उतरतो.

वाटणीचा नियमही निघण्याआधीच सांगा. आमचा असा आहे: ज्याला सापडला त्याचा, पण एकत्र खणून काढला असेल तर फोडल्यावर दोन अर्धे, आणि पहिला अर्धा निवडायचा मान ज्याने फोडला नाही त्याला. तेव्हापासून फोडणारा अगदी मधोमध रेघ पाडतो.