‘प्रेडिक्शन एरर’ला ‘अपेक्षाभंग’ म्हणावं का?

मेंदूविज्ञानावरचा लेख मराठीत आणताना ‘प्रेडिक्शन एरर’साठी, म्हणजे मेंदूला अपेक्षित होतं ते आणि प्रत्यक्ष घडलं ते यांतल्या फरकासाठी, ‘अपेक्षाभंग’ चालेल का, आणि ‘प्रेडिक्शन’ला भाकीत म्हणावं की अंदाज, असा प्रश्न आहे.

अपेक्षाभंग नको. या शब्दात निराशा मुरलेली आहे. बोनस वाटला होता त्याहून जास्त मिळाला तर ‘माझा अपेक्षाभंग झाला’ असं कोणी म्हणत नाही. ही संकल्पना मात्र दोन्ही बाजूंची आहे. मेंदूशास्त्रज्ञ वुल्फ्राम शुल्ट्झ यांचे माकडांवरचे प्रयोग बघा. दिवा लागतो, मग फळाच्या रसाचा थेंब मिळतो. सुरुवातीला रस मिळाला की मेंदूतल्या डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशी जोरात संदेश सोडतात. सवय झाली की त्या दिवा लागतानाच उसळतात, रसाच्या वेळी नेहमीच्या गतीने चालत राहतात. दिवा लावून रस दिलाच नाही, तर तो मिळायच्या नेमक्या वेळी त्यांचे संदेश मंदावतात. १९९७मध्ये शुल्ट्झ, डायन आणि माँटेग्यू यांनी याचा अर्थ लावला: मिळालेल्यातून अपेक्षित वजा करून जे उरतं, ते या पेशी कळवतात. उत्तर अधिक येईल, उणं येईल, शून्यही येईल. ‘शून्य अपेक्षाभंग’ कसा लिहिणार?

माझ्या मते ‘तफावत’ घ्यावा. गल्ला आणि वही जुळली नाही की हाच शब्द तोंडी येतो, मग रक्कम जास्त भरो की कमी. अंदाजातली तफावत, अधिक तफावत, उणी तफावत. सगळं सहज बसतं.

‘चूक’ शब्द वेगळ्या कामासाठी राखून ठेवा. घाईत चुकीचं बटण दाबलं गेलं की साधारण सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात डोक्यावरच्या इलेक्ट्रोडवर मेंदूतल्या विजेची एक ऋण (निगेटिव्ह) लहर उमटते. ती स्वतःच्या कृतीतली चूक. रस न येण्यात माकडाची काय चूक?

आता भाकीत. भाकीत कोणीतरी वर्तवतं, जाणूनबुजून. मेंदूचं काम नकळत चालतं. ‘त्याने गरम पावाला मोजे फासले’ या धर्तीची वाक्यं संशोधक मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी १९८०मध्ये लोकांना वाचायला दिली. न बसणाऱ्या शब्दानंतर सुमारे ४०० मिलिसेकंदांनी इलेक्ट्रोडवर एक वेगळी ऋण लहर दिसली. शब्द अर्थाने बसत असेल आणि फक्त मोठ्या अक्षरांत छापला असेल, तर ही लहर येत नाही. पुढे काय येणार ते वाचणाऱ्याने मुद्दाम ठरवलेलं नसतं. म्हणून ‘मेंदू अंदाज बांधतो’ असंच लिहा.