गाईडकडे नेमकं मागायचं कसं?

प्रश्न: पीएचडीचं दुसरं वर्ष आहे. सहा आठवड्यांपूर्वी माझ्या गाईड मॅडमना प्रबंधाचं एक प्रकरण मेल केलं, अजून उत्तर नाही. भेटल्या की 'काम चालू ठेव' म्हणतात. परवा मात्र सगळ्यांसमोर 'तुझी प्रगती दिसत नाही' म्हणाल्या. विचारायला गेले तर चिडतील अशी भीती वाटते. काय करू?
– अस्वस्थ

प्रिय अस्वस्थ,

चारचौघांत असं ऐकून घ्यावं लागलं, वाईट वाटणारच. पण प्रकरण पाठवताना 'सोबत जोडलंय, कृपया पाहावं' एवढंच लिहिलं असशील, तर गाडं तिथेच अडलंय. काय पाहायचं आणि कधीपर्यंत, हे न सांगितलेलं काम 'निवांत वाचू' म्हणून मागे पडतं. तू उत्तराची वाट बघतेस आणि त्या बहुधा पुढच्या पानांची.

आता अर्ध्या तासाची वेळ माग. दोन दिवस आधी एका पानाचं टिपण पाठव: काय झालं, कुठे अडलं, कशावर त्यांचा निर्णय हवा. मागणी अशी कर: 'पान १२ ते १८ मधला युक्तिवाद पटतो का, एवढंच सांगा. भाषा मी नंतर सुधारेन. २० तारखेपर्यंत जमेल का?' कच्च्या मसुद्यासोबत हे लिहिलं नाही, तर शुद्धलेखनाच्या खुणा होऊन येतात आणि मूळ मुद्दाच लंगडा होता हे फार उशिरा कळतं.

भेटीत प्रगतीचा विषय तूच काढ. सफाई देत बसू नकोस. 'पुढच्या तीन महिन्यांत माझ्याकडून काय झालं, तर काम पुढे सरकलं असं तुम्हाला वाटेल?' असं विचार. मसुदा वाचायला साधारण किती दिवस लागतात, आठवण कधी आणि कशी केलेली चालेल, हेही तिथेच विचारून घे. (दोन-तीन आठवडे लागणं वावगं नाही.) या कामातून शोधनिबंध निघणार असेल तर त्यावर लेखकांची नावं कोणत्या क्रमाने येतील, हे लिहायला बसण्याआधीच बोलून घ्या, नंतर त्यावरून मनं फार दुखावतात.

त्याच दिवशी पाच ओळींचा मेल टाक: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. शेवटी 'माझ्या समजण्यात चूक असेल तर सांगा' हे जरूर लिही, म्हणजे मेल पुरावा गोळा केल्यासारखा वाटत नाही.

तारीख उलटली तर तीन-चार दिवस थांबून त्याच मेलखाली आठवण कर. दोनदा करूनही काही हललं नाही, तर मॅडमना कळवून तुझ्या पीएचडीच्या कामावर लक्ष ठेवणाऱ्या सल्लागार समितीतल्या एखाद्या सदस्यांना भेट. तक्रार मांडू नकोस, प्रकरणावर मत माग.