ठाण्यात राहतो, बी.कॉम. आहे, परदेशात इंग्लिश शिकवायला काय क्वालिफिकेशन लागतं?

पहिलं म्हणजे डिग्री कुठल्या विषयात आहे त्याने बऱ्याच देशांत फरक पडत नाही, बी.कॉम. चालतं, पण खरी अडचण पासपोर्टची येते. कोरियाचा ई-टू, म्हणजे भाषा शिकवणाऱ्यांचा व्हिसा, मुख्यतः अमेरिका, ब्रिटन, कॅनडा अशा ७ इंग्रजी भाषिक देशांच्या लोकांना मिळतो, चीनचंही साधारण तसंच, आपण कितीही चांगलं शिकवत असलो तरी, आणि हे मला अजिबात पटत नाही.

जपानमध्ये मात्र तुमचं १२ वर्षांचं शिक्षण इंग्लिश मीडियममधून झालंय हे दाखवावं लागतं, त्यामुळे शाळा-कॉलेजकडून मीडियमचं लेटर आत्ताच घेऊन ठेवा, नंतर धावपळ होते. थायलंड, व्हिएतनामला डिग्री लागतेच, शिवाय आयेल्ट्स किंवा टोइक या इंग्लिशच्या परीक्षांचा स्कोअर मागतात.

टेफलचा, म्हणजे परभाषिकांना इंग्लिश शिकवण्याचा कोर्स किमान १२० तासांचा हवा, आणि बजेट असेल तर सरळ सेल्टा हा केंब्रिजचा इंग्लिश शिकवण्याचा सर्टिफिकेट कोर्स करा कारण त्यात खऱ्या विद्यार्थ्यांना ६ तास शिकवावं लागतं, नुसत्या ऑनलाइन व्हिडिओंनी वर्ग सांभाळता येत नाही हो. पोलीस क्लिअरन्ससाठी, म्हणजे तुमच्यावर गुन्हा नसल्याच्या दाखल्यासाठी, पासपोर्टच्या साइटवरूनच अर्ज होतो, वागळे इस्टेटला सेंटर आहे. टुरिस्ट व्हिसावर या, मग बघू असं सांगणाऱ्या एजंटला पैसे देऊ नका.